स्वित्झर्लंडमध्ये पावणेचार आठवडे, निवांतपणे: मुक्काम किती ठेवावेत आणि कोठे?

गोदाकाठ, नाशिक

नमस्कार. २०२६ मध्ये अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे. विसर्जन झाले की दोन दिवसांनी निघायचे, सोमवारी २८ तारखेला ज्युरिकला उतरायचे आणि शनिवारी २४ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळीच्या पुरेसे आधी, परतीचे विमान धरायचे, असा यजमानांचा आणि माझा बेत आहे. आम्ही दोघेही निवृत्त असून साठी ओलांडलेली आहे. माझा उजवा गुडघा सपाटीवर तक्रार करत नाही, परंतु उतारावर दुखतो. यजमानांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. आम्ही शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही, आणि एक वेळचे जेवण तरी स्वतः रांधावे अशी इच्छा आहे. परदेशात गाडी चालवणार नाही.

आमच्या ओळखीतल्या बहुतेकांनी हा देश सहलकंपनीबरोबर पाहिला. पहाटे बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, दिवसभर बसमध्ये बसायचे आणि शिखरावर जेमतेम तासभर थांबायचे. आम्हाला तसे नको आहे. एखाद्या गावात सकाळी उठून त्याच डोंगराकडे पुन्हा पाहता यावे, पाऊस आला तर घरात बसता यावे, इतकीच अपेक्षा आहे. तरीही कागदावर आराखडा मांडला तेव्हा तो असा झाला: ज्युरिक २ रात्री, ल्युसर्न ४, इंटरलाकेन ४, मोन्त्रो ३, झेरमॅट ३, लुगानो ३, सेंट मोरिट्झ ४ आणि कूर ३.

हे मुक्काम जास्त होतात का? देशभरच्या गाड्या, बस आणि बोटींना चालणारा पंधरा दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास घ्यावा का? बर्निना घाट ओलांडणारी गाडी इटलीतल्या तिरानोपर्यंत जाते, तर त्यासाठी व्हिसा वेगळा लागतो का? आणि ऑक्टोबर म्हणजे फार उशीर तर होत नाही ना? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आरेकाठी, बर्न

नमस्कार ताई. मी अनेक वर्षे बर्नमध्ये राहतो आणि नातेवाइकांसाठी असे आराखडे नेहमी करून देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या यादीतले एकही ठिकाण वाईट नाही. परंतु आठ मुक्काम म्हणजे सात वेळा सामान बांधणे, आणि प्रत्येक वेळी एक अख्खा दिवस खोली सोडण्यात, प्रवासात आणि नवे दुकान शोधण्यात जातो. त्याहून मोठी अडचण हवामानाची आहे. आल्प्समध्ये शिखर दिसेल की नाही हे आदल्या संध्याकाळी कळते, महिनाभर आधी नाही. तीन रात्रींच्या मुक्कामात दोन दिवस ढग राहिले तर ते ठिकाण हातचे गेले. सात रात्री असतील तर स्वच्छ दिवस बहुधा मिळतोच, आणि ढगाळ दिवशी दरीतला धबधबा, तळ्यातली बोट किंवा घरातली खिचडी यांचाही आनंद घेता येतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की चारच मुक्काम ठेवावेत.

पहिला मुक्काम वेंगेनला, २८ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर. ज्युरिक विमानतळापासून तीन तासांच्या आत-बाहेर पोहोचता येते. लाउटरब्रुननहून वर जाणारी दात्यांच्या रुळांची गाडी १८९३ पासून चालू आहे, आणि गावात खासगी मोटारी येत नाहीत. इंटरलाकेन हे जंक्शन म्हणून सोयीचे असले तरी तिथून डोंगर दूर वाटतात, तर १२७४ मीटरवरच्या वेंगेनमध्ये ते खिडकीतच असतात. खालची लाउटरब्रुनन दरी अत्यंत देखणी आहे, परंतु दोन्ही बाजूंच्या कड्यांमुळे शरदात तिथला सूर्य लवकर मावळतो. वेंगेन उन्हाच्या टप्प्यावर वसलेले असल्याने तिथे ऊन जास्त वेळ मिळते. रोपवेने मेनलिशेनला जाऊन क्लाइने शायडेगपर्यंत चालत यावे. ही वाट सुमारे साडेचार किलोमीटर आहे, उतार अगदी हलका आहे, आणि आयगर, म्योंख व युंगफ्राऊ ही तिन्ही शिखरे सतत समोर राहतात. समोरच्या बाजूला ग्र्युत्शआल्पहून म्युरेनकडे जाणारी वाटही आपल्या गुडघ्याला मानवेल.

युंगफ्राऊयोखला जायचेच असेल तर तो दिवस शेवटी ठेवा. ते स्थानक ३४५४ मीटरवर आहे आणि गाडी थोड्याच वेळात तिथे पोहोचवते, त्यामुळे रक्तदाब असणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारणे आणि वर गेल्यावर सावकाश चालणे आवश्यक आहे. तिकीट महाग आहे. आकाश निरभ्र नसेल तर ते काढू नये. प्रत्येक शिखराचा थेट कॅमेरा संकेतस्थळावर दिसतो, तो सकाळी पाहूनच निघावे.

दुसरा मुक्काम रीडरआल्पला, शनिवार ३ ते शनिवार १० ऑक्टोबर. व्हाले प्रांतातल्या म्योरेल गावातून रोपवेने वर जायचे. इथेही मोटारी नाहीत. रोपवेने मोसफ्लूवर गेल्यास आलेच नावाची हिमनदी डोळ्यांसमोर पसरलेली दिसते. ती सुमारे वीस किलोमीटर लांब असून आल्प्समधली सर्वांत मोठी आहे, आणि २००१ पासून तो परिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिच्या काठच्या आलेच अरण्यात शतकानुशतके उभी असलेली अरोला पाइनची झाडे आहेत. झेरमॅट सुंदर आहे, परंतु निवांतपणा हवा असेल तर मी रीडरआल्पच निवडेन. मॅटरहॉर्न पाहायची ओढ असल्यास ब्रीगमार्गे एका दिवसात जाऊन येता येते.

तिसरा मुक्काम देशाच्या आग्नेयेकडच्या एंगाडिन खोऱ्यातल्या पोंत्रेझिनाला, १० ते १७ ऑक्टोबर. आपण ऑक्टोबर उशिरा होतो का असे विचारले आहे, त्याचे उत्तर इथे आहे. लार्च हा सूचिपर्णी असूनही पानगळ होणारा वृक्ष आहे, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर एंगाडिनचे उतार त्याच्या सुयांनी सोनेरी होतात. तो रंग पाहायला इथले लोक दरवर्षी मुद्दाम रजा काढतात. व्हाल रोझेग ही लांब, जवळपास सपाट दरी असून चालणे नको असेल तर घोडागाडीने जाता येते. मोर्तेराच स्थानकापासून हिमनदीच्या दिशेने जाणाऱ्या सोप्या वाटेवर, कोणत्या वर्षी बर्फाचे टोक कुठे होते त्याचे फलक लावले आहेत. ते वाचत चालताना मन जड होते, परंतु ही वाट चुकवू नये असे मला मनापासून वाटते.

चौथा मुक्काम तिचिनोमध्ये, लुगानो किंवा लोकार्नोला, १७ तारखेपासून. वर थंडी वाढत असताना दक्षिणेकडचा हा इटालियन भाषिक प्रांत बराच उबदार असतो, आणि चेस्टनट पडण्याचा हंगामही तोच असतो. परतीचे विमान सकाळचे असेल तर २३ तारखेची रात्र ज्युरिकमध्ये काढा. लुगानोहून ज्युरिक सुमारे दोन तासांवर आहे, कारण गाडी २०१६ मध्ये खुल्या झालेल्या ५७ किलोमीटरच्या गॉटहार्ड तळबोगद्यातून येते.

तारखा शनिवारच्या का धरल्या, तेही सांगतो. इथे सुटीची घरे बहुधा शनिवार ते शनिवार अशीच भाड्याने मिळतात. भाड्याखेरीज शेवटच्या सफाईचे पैसे आणि दरडोई प्रवासी कर वेगळा असतो, तो आधी विचारून घ्या. जुन्या लाकडी घरांत लिफ्ट नसते, म्हणून गुडघ्याचा विचार करून मजलाही विचारा. शाळांची शरद सुटी प्रांतागणिक याच आठवड्यांत येते, त्यामुळे आरक्षण उन्हाळ्याआधीच करावे. वरचे रोपवे ऑक्टोबर सरता सरता बंद होतात आणि प्रत्येकाची तारीख वेगळी असते, तेव्हा घर ठरवण्यापूर्वी ती पाहून घ्या.

लोहमार्ग, पुणे

वरच्या आराखड्याशी मी सहमत आहे. केवळ तिकिटांविषयी लिहितो, कारण याच ठिकाणी लोकांचे सर्वाधिक पैसे वाया जातात.

स्विस ट्रॅव्हल पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. आपला प्रवास २६ रात्रींचा आहे, म्हणजे सर्वांत मोठा पासही पुरा पडत नाही. महिन्याभरातले कोणतेही पंधरा दिवस निवडता येतील असा फ्लेक्स प्रकार आहे, परंतु एका गावात आठवडाभर राहणाऱ्याला रोज लांबचा प्रवास करायचाच नसतो. उलट पाहुण्यांसाठी असलेले हाफ फेअर कार्ड महिनाभर चालते आणि गाड्या, टपाल खात्याच्या पिवळ्या बस, तळ्यांवरच्या बोटी व बहुतेक डोंगरी गाड्या आणि रोपवे यांचे भाडे निम्मे करते. युंगफ्राऊयोखच्या तिकिटावर पासधारकाला २५ टक्के सवलत मिळते, तर हाफ फेअर कार्डावर ५० टक्के. आपल्यासारख्या डोंगरावर अधिक आणि लांबच्या गाडीत कमी वेळ घालवणाऱ्यांसाठी हे कार्डच योग्य आहे. पासात पाचशेहून अधिक संग्रहालये मोफत असतात, त्यामुळे शहरे पाहणाऱ्याचा हिशेब वेगळा होईल, हेही नमूद करतो. ज्येष्ठ नागरिकांसाठी पासावर वेगळी सूट नाही.

पाहुण्यांच्या स्थानिक कार्डांचाही विचार करा. तिचिनोमध्ये हॉटेल, वसतिगृह किंवा तंबूतळावर उतरणाऱ्यांना तिचिनो तिकीट मिळते आणि त्यावर मुक्कामाच्या काळात प्रांतभर सार्वजनिक वाहतूक मोफत असते. सुटीच्या घरांना ते लागू नाही. म्हणून पहिल्या तीन मुक्कामांत रांधून झाल्यावर शेवटच्या मुक्कामात हॉटेल घ्यावे, असे मी सुचवेन. एंगाडिनमध्ये काही हॉटेले रोपवेचा प्रवास खोलीभाड्यात देतात, तिथे घर घ्यायचे की हॉटेल हे दोन्हींचा हिशेब मांडून ठरवावे.

रीडरआल्प ते पोंत्रेझिना हा दिवस लांबचा आहे. म्योरेलहून आन्डरमाट, तिथून २०३३ मीटरवरच्या ओबरआल्प घाटातून डिसेंटिस, आणि पुढे आल्बुला मार्गाने एंगाडिन. ग्लेशियर एक्स्प्रेस याच रुळांवरून धावते, परंतु तिला आरक्षणाचे वेगळे पैसे लागतात आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत ती बंद असते. साध्या प्रादेशिक गाड्या वर्षभर धावतात. दोन-तीन ठिकाणी गाडी बदलावी लागते, पण मनात आले तिथे उतरून चहा घेता येतो.

बर्निनाचेही तसेच आहे. बर्निना एक्स्प्रेस आरक्षणाशिवाय मिळत नाही. त्याच मार्गावरच्या प्रादेशिक गाडीला आरक्षण लागत नाही, आणि तिच्या बऱ्याच डब्यांच्या खिडक्या उघडतात, जे छायाचित्रे काढणाऱ्याला फार महत्त्वाचे असते. गाडी २२५३ मीटरवरच्या ओस्पित्सिओ बर्निनावरून ४२९ मीटरवरच्या तिरानोला उतरते, आणि ब्रुसिओचा गोलाकार पूल वाटेत लागतो. तिरानोहून लुगानोला जाणारी रेल्वेची बस हंगामी आहे, तिचे आरक्षण आणि तुमच्या तारखेचे वेळापत्रक मात्र आधीच पाहा.

सामानाची चिंता नको. कर्मचारी असलेल्या स्थानकावर बॅग दिली की ती दोन दिवसांनी पुढच्या स्थानकावर मिळते. गुरुवारी मोठ्या बॅगा पोंत्रेझिनाकडे रवाना करून शनिवारी पाठीवरची पिशवी घेऊन निघावे.

व्हिसा वेगळा लागत नाही. स्वित्झर्लंड आणि इटली दोन्ही शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, आहेत, त्यामुळे तिरानोला जाऊन आल्याने दुसरा प्रवेश मोजला जात नाही. पासपोर्ट मात्र जवळ असावा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे.

पायवाट, ठाणे

मी आईला घेऊन या भागात जाऊन आले आहे, आणि तिचे गुडघेही तुमच्यासारखेच होते. त्यामुळे चालणे आणि स्वयंपाक या दोन गोष्टींवर लिहिते.

गुडघ्याला त्रास चढाचा नसतो, उताराचा असतो. म्हणून वर चालत जायचे आणि खाली रोपवेने यायचे, हा नियम ठेवा. शक्य नसेल तिथे दोन्ही वेळा रोपवे घ्या आणि वरच्या वरच हिंडा. पिवळ्या पाट्यांवर पुढचे ठिकाण किती मिनिटांवर आहे ते लिहिलेले असते, परंतु तो वेळ सराईत चालणाऱ्याचा आणि न थांबता चालण्याचा असतो. आपण त्यात निम्मी भर घालूनच परतीचा रोपवे गाठण्याचा हिशेब करावा. साध्या पिवळ्या खुणांची वाट आपली. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला की ती डोंगरवाट असते, तिथे घसरडे दगड आणि तीव्र उतार असू शकतात. पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या वाटेला जाऊच नये. दुमडणाऱ्या दोन काठ्या इथूनच न्या.

ऑक्टोबरमध्ये सूर्योदय साडेसातच्या सुमारास होतो आणि सकाळी सावलीतल्या वाटांवर दव गोठलेले असते. आम्ही दहाच्या आधी कधीच बाहेर पडत नव्हतो, आणि निवांत सहलीला ते शोभतेही.

स्वयंपाकाचे सामान नेताना एक नियम काटेकोरपणे पाळा. युरोपबाहेरून दूध, तूप, पनीर, पेढे, बर्फी असे कोणतेही दुग्धजन्य पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेण्यास मनाई आहे. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, ताजी फळे हीदेखील बॅगेत भरू नयेत. गोडा मसाला, हिंग, हळद, मेतकूट, भाजणी, कोरड्या चटण्या बांधून घ्या. तांदूळ, मसूर, कडधान्ये, दही आणि उत्तम लोणी तिथल्या मिग्रो आणि कूप या दुकानांत मिळते. शेगड्या सपाट काचेच्या असतात, तेव्हा कुकर सपाट बुडाचा, आणि जमल्यास इंडक्शनवर चालणारा असावा. दुकाने रविवारी बंद असतात. पर्यटनाच्या गावांत काही उघडी मिळतात, परंतु शनिवारी नव्या घरात उतरल्या उतरल्या दोन दिवसांचे सामान भरून ठेवणे उत्तम. नळाचे पाणी सर्वत्र पिण्याजोगे आहे.

बाहेर खाताना नुसते शाकाहारी एवढे सांगून भागत नाही, पदार्थात काय आहे ते विचारावे लागते. रोश्टी हा बटाट्याच्या किसाचा पदार्थ पुष्कळदा डुकराच्या मांसाचे तुकडे घालून करतात, ते नको म्हणून सांगावे. मॅकरोनी, बटाटा आणि चीज एकत्र करून सफरचंदाच्या गरासोबत देतात, त्यातही तसेच विचारावे. एंगाडिनच्या बाजूला पानात गुंडाळलेले कापुन्स मिळतात, त्यांच्या सारणात बहुधा सुके मांस असते. पोस्कियावो खोऱ्यातले पित्सोक्केरी, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, भाजी आणि चीज, आणि तिचिनोमधला मक्याचा पोलेंटा हे तुम्हाला आवडतील. फॉन्ड्यूमध्ये, म्हणजे वितळलेल्या चीजच्या पदार्थात, वाइन असते. पारंपरिक ग्रुयेर आणि एमेंटाल चीज विरजताना वासराच्या जठरातला घटक वापरतात, तुम्ही काटेकोर असाल तर हे आधी माहीत असावे म्हणून सांगते.

तातडीच्या वैद्यकीय मदतीला १४४ हा क्रमांक आहे. डोंगरातून हेलिकॉप्टरने आणण्याचा खर्च विम्यात समाविष्ट आहे का, हे पॉलिसी घेतानाच वाचून पाहा. बहुतेक लोक तेवढेच पान वाचत नाहीत. रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेत आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह ठेवा.

गोदाकाठ, नाशिक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. चार मुक्काम, हाफ फेअर कार्ड आणि शेवटी तिचिनोमध्ये हॉटेल, हे आम्ही निश्चित केले. मोन्त्रो आणि ल्युसर्न सोडताना यजमानांना थोडे वाईट वाटले, परंतु लार्चचा आठवडा मिळतो म्हटल्यावर ते राजी झाले. एक शंका उरली आहे. २०२५ मध्ये व्हालेतच एक गाव दरडीखाली गेल्याची बातमी वाचली होती. रीडरआल्प त्याच भागात येते का, आणि तिथे राहणे सुरक्षित आहे का?

आरेकाठी, बर्न

ते गाव ब्लॅटन, ल्योट्शेंटाल या बाजूच्या दरीतले. २८ मे २०२५ रोजी डोंगरकड्याच्या ढिगाऱ्याखाली दबलेली बिर्श हिमनदी कोसळली आणि गावाचा बहुतांश भाग गाडला गेला. भूवैज्ञानिकांनी हालचाली आधीच टिपल्या होत्या, म्हणून सुमारे तीनशे रहिवाशांना काही दिवस अगोदरच हलवले होते. रीडरआल्प त्या दरीत नाही, ते ऱ्होन नदीच्या खोऱ्यावरच्या मोकळ्या टप्प्यावर आहे.

आलेच हिमनदी आटत चालल्याने तिच्या काठचा डोंगरउतार मात्र मोसफ्लूच्या बाजूला सरकतो आहे. त्यामुळे तिकडच्या काही वाटा बंद आहेत, आणि रोपवेचे वरचे स्थानकही जमिनीबरोबर हलवता-समतोल करता येईल अशा रीतीने बांधले आहे. गावातल्या मुक्कामाला त्याने बाधा येत नाही, पण बंद वाटेचा फलक दिसला तर तो ओलांडू नये. इतर लोक पलीकडे चालताना दिसले तरीही नाही. रोज सकाळी रोपवेच्या तिकीटखिडकीवर कोणत्या वाटा खुल्या आहेत ते विचारा. तिथले लोक नकाशावर बोट ठेवून दाखवतात आणि गुडघ्याची अडचण सांगितली तर त्यानुसार वाटही सुचवतात.

आता पहिले काम रीडरआल्पच्या घराचे करा. ३ ते १० ऑक्टोबर हा आठवडा शाळांच्या सुटीत येतो आणि तळमजल्यावरची घरे मोजकीच असतात. ते ठरले की वेंगेनची जागा रद्द करता येईल अशा अटीवर घ्या, आणि व्हिसाचा अर्ज एप्रिलनंतर लवकरात लवकर दाखल करा.